वावडिंगाचा वेल आणि गुणांची बेरीज: भुदरगडातलं एक प्रकरण

भुदरगड तालुक्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीची धार कोकणात कोसळते तिच्या अलीकडं हे गाव आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही. या प्रकरणात नरक्या या औषधी झाडाचा विषय आहे, आणि नरक्या नेमका कुठं शिल्लक आहे हे छापून सांगणं म्हणजे तोडणाऱ्याला पत्ता देणं.

गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांच्या वापरावर लक्ष ठेवणाऱ्या कायद्यानं नेमलेल्या समितीकडं, एका व्यापाऱ्याचा अर्ज आला होता. रानातला औषधी माल गोळा करून तो पुढं कारखान्यांना पुरवायचा हा त्याचा धंदा. अर्जात पाच नावं होती: हिरडा, शिकेकाई, वावडिंग, गुळवेल आणि सप्तरंगीचं मूळ. गोळा करायला गावातलेच लोक, वजनकाटा गावातच, पैसे रोख. सहावं नाव कागदावर नव्हतं, बोलता बोलता आलं: "आणि नरक्या मिळाला तर बघूया की." ऊस न होणाऱ्या या पट्ट्यात पावसाळ्यानंतर हाताला काम नसतं, त्यामुळं अर्ज फेटाळा असं कुणी म्हणेना. सरपंचांचा प्रश्न सरळ होता, "सर, यातलं काय काढलं तर चालतंय आणि काय काढलं तर संपतंय, एवढंच सांगा." मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवतो, या डोंगरात विद्यार्थ्यांना घेऊन फिरणं होतं, म्हणून हे काम माझ्याकडं आलं.

आता 'संपतंय' हे ठरवायचं कसं? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी सगळ्यांना ठाऊक असते. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या 30 टक्के घटली तर असुरक्षित, 50 टक्के घटली तर संकटग्रस्त, 80 टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त. पण ही मोजपट्टी त्या वनस्पतीचा जगभरातला सगळा प्रदेश धरते. केरळपासून कोकणापर्यंत एखादं झाड तग धरून असलं, तरी आपल्या ओढ्याकाठचं संपलेलं असू शकतं. शिवाय दहा वर्षांपूर्वी इथं किती होतं याची मोजदाद कुणाकडंच नसते. समितीला उत्तर पुढच्या ग्रामसभेआधी हवं होतं.

अशा अडचणीसाठी एक जुनी पद्धत आहे. युगांडातलं ब्विंडीचं जंगल 1991 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि भोवतालच्या लोकांना आत जायला बंदी आली. टोपल्यांचे वेल आणि औषधाच्या साली यांवर चालणारी घरं अडली, राग वाढला. मग काही पट्ट्यांत मर्यादित वापर पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि कुठली वनस्पती काढू द्यायची हे तिथल्या वैदूंसोबत बसून झटपट तपासलं गेलं. वर्षानुवर्षांचं संशोधन न करता, काही ठराविक प्रश्न विचारून धोका किती ते ठरवायचं. त्याच धर्तीवर मी आठ प्रश्नांचा तक्ता केला. वनस्पतीचा कोणता भाग काढतात, काढल्यावर ती पुन्हा फुटते का, ती कुठंही उगवते की ठराविक जागीच, खाली रोपं-पोरं आहेत का, बाहेरून मागणी किती, तिच्याऐवजी दुसरं काही चालतं का, जागेवर कुणाची मालकी किंवा देखरेख आहे का, आणि वणवा, चराई, जंगलतोड असा दुसरा ताण किती. प्रत्येक प्रश्नाला एक ते तीन गुण. तीन म्हणजे धोका जास्त. एकूण चोवीसपैकी.

शिकेकाईला दहा गुण पडले आणि गुळवेलीला अकरा, म्हणजे दोन्ही तळाला. त्यांच्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. गुळवेल कांडं खोचलं तरी रुजते. करोनाच्या काळात तिला एकदम भाव आला तेव्हा शहरात लोकांनी कुंपणावरच्या वेली ओरबाडल्या, तरी ती मागं हटली नाही. तिथं चिंता वेगळीच: तिच्या नावाखाली दुसरीच भावकीतली वेल बाजारात जाते. त्यासाठी पान-खोडाची ओळख पटवून देणं पुरेसं आहे, बंदीची गरज नाही.

सप्तरंगीचा निकालही लवकर लागला. तिच्या मुळात मधुमेहावर उपयोगी पडणारी द्रव्यं आहेत. तिच्याच कुळातल्या श्रीलंकेतल्या वेलीतून जपानी संशोधकांनी 1997 मध्ये असंच एक द्रव्य, सॅलसिनॉल, वेगळं केलं, आणि सगळ्या भावकीची मागणी वाढली. मूळ हवं म्हणजे खणणं आलं, खणलं म्हणजे वेल गेली. अठरा गुण. यावर समितीत वाद झाला नाही.

वाद झाला तो वावडिंगावर. हिरड्याला चौदा गुण पडले होते आणि वावडिंगालाही चौदाच.

बेरीज सारखी, तर निर्णयही सारखा असं समितीतल्या तरुण सदस्यांचं म्हणणं. दोन्हींची फळंच तर काढायची आहेत, झाडाला काय होतंय? कागदावर हे बरोबर दिसत होतं. 'कोणता भाग' या प्रश्नाला दोन्हीकडं 'फळ' असं उत्तर होतं आणि दोन्हीकडं एकच गुण. पाठ्यपुस्तकंही हेच सांगतात की फळ-पान काढणं सौम्य, साल काढणं मध्यम, मूळ काढणं जीवघेणं. ही उतरंड खोटी नाही, पण ती अर्धीच आहे, आणि उरलेला अर्धा भाग मला धनगरवाड्यावरच्या एका आक्कांनी दाखवला.

त्या वर्षानुवर्षं वावडिंग गोळा करतात. खरं वावडिंग म्हणजे एम्बेलिया रायबीस, दाट झाडीत दुसऱ्या झाडावर चढत जाणारा वेल. आम्ही गेलो त्या ठिकाणी तो एका उंच जांभळीवर चढला होता. खोड मनगटाएवढं, आणि फळांचे घोस पार वर, उन्हाच्या तोंडाशी. मी विचारलं, एवढ्या उंचावरची फळं काढता कशी? आक्कांनी माझ्याकडं बघितलं ते शहरातल्या माणसाकडं बघतात तसं. "सर, वेल खाली वढल्याबिगर फळ हाताला येतंय व्हय?" मग त्यांनी रीत सांगितली. गुडघ्याएवढ्या उंचीवर कोयत्यानं वेल तोडायचा. दोघांनी धरून हिसके द्यायचे. नशीब असलं तर निम्मा वेल खाली येतो, उरलेला फांद्यांत अडकून तिथंच वाळतो आणि त्यावरची फळं कुणाच्याच हाती लागत नाहीत. खाली आलेल्याचे घोस पोत्यावर ओरबाडायचे, वाळवायचे, देठं पाखडायची. त्याच जांभळीच्या बुडाशी जुन्या, काळ्या पडलेल्या वेलाचा तुटका बुंधा होता. त्याला फुटवा आलेला नव्हता.

म्हणजे तक्त्यातलं 'फळ' हे उत्तर पोत्यात काय जातं ते सांगत होतं, रानात काय घडतं ते नाही. हिरडा झाडाखालचा वेचतात किंवा काठीनं झोडपून पाडतात, झाड उभंच राहतं. वावडिंगाचं फळ काढायचं म्हणजे अख्खा वेल काढायचा. परिणाम धरला तर ते सप्तरंगीच्या रांगेत जाऊन बसतं, हिरड्याच्या नव्हे.

मी आक्कांना विचारलं, तोडलेला वेल परत येतो का? "येतोय कवातरी. पण थांबतंय कोण? मी नाय तोडला तर खालच्या वाडीचा तोडतोय." इथं दुसरी गोष्ट उघडी पडली. व्यापारी काटा ज्या दिवशी लावतो त्याच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून सगळ्यांची घाई सुरू होते. फळ पिकायची वाट बघणारा मागं राहतो, म्हणून सगळेच कच्चं तोडतात. कच्च्या फळातलं बी रुजायचं नाही, त्यामुळं वेल गेला तो गेलाच आणि त्याच्या जागी नवाही येत नाही. हावरेपणा म्हणून याला नावं ठेवणं सोपं आहे, मला ते पटत नाही. जिथं कुणालाच कुणाला अडवता येत नाही तिथं थांबणारा माणूस फक्त स्वतःचं नुकसान करून घेतो, वेल काही वाचवत नाही.

तिसरी अडचण ओळखीची. बाजारात वावडिंग या एकाच नावाखाली किमान दोन वनस्पती चालतात. दुसरी एम्बेलिया त्सेरियम-कॉटम, झुडपासारखी किंवा लहान झाडासारखी वाढणारी, आपल्याकडं जास्त सापडणारी, रानाच्या कडेलाही येणारी. फरक सोपा आहे: खऱ्या वावडिंगाला फुला-फळांचे घोस फांदीच्या टोकाला येतात, दुसरीला पानांच्या बगलेत, आणि दुसरीच्या कोवळ्या भागांवर तांबूस लव असते. 'दुसरं काही चालतं का' या प्रश्नाला मी वावडिंगाला एकच गुण दिला होता तो याच भरवशावर, की भरपूर असलेली भावंड वनस्पती दुर्मिळ वनस्पतीवरचा भार उचलेल. व्यवहारात तसं होत नाही. काट्यावर दोन्हींना भाव एकच, म्हणून तोडणारा निवड करत नाही, दिसेल ते घेतो. उलट ढीग मोठा दिसत राहतो आणि त्यातलं खरं वावडिंग दरवर्षी घटतंय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

हिरड्याकडं वळतो, कारण तो दिसतो तितका निर्धोक नाही. त्याच्या चौदा गुणांतले तीन रोपांच्या प्रश्नाला होते. मालकीच्या रानात आणि बांधावर मोठमोठी झाडं उभी आहेत, फळ भरपूर येतं, पण खाली बघावं तर हाताएवढं रोप सापडत नाही. तरणी पोरं मुंबई-पुण्याला गेलेली आणि घरोघरी फक्त म्हातारी माणसं उरलेली वाडी असते ना, तसं हे रान आहे. आज बघणाऱ्याला सगळं भरलेलं वाटतं. बाळहिरडा म्हणजे कोवळंच फळ काढून वाळवलेलं, त्याला भाव चांगला, म्हणून बी तयार व्हायच्या आधीच बरंचसं फळ उतरतं. उरल्यासुरल्यातून रुजलं ते वणव्यात जातं किंवा जनावरं खातात. पण हिरड्याचं झाड खूप वर्षं जगतं, म्हणून इथं अवधी आहे. यंदा काढणी चालू ठेवून रोपांची सोय करता येते. वावडिंगाला तो अवधी नाही. चौदा आणि चौदा यांतला फरक हा असा होता, आणि बेरजेत तो दिसूच शकत नव्हता.

नरक्याला बेरजेत सतरा गुण पडले, सप्तरंगीपेक्षा एक कमी. प्रत्यक्षात या सहांतला सगळ्यात जोखमीचा तोच. गुण कमी पडले ते रोपांमुळं. ओढ्याच्या दोन्ही अंगांना अंगठ्याएवढी रोपं बरीच होती. त्यापुढं मनगटाएवढं खोड शोधायला गेलं की काहीच नाही, आणि मग एकदम तोडलेले बुंधे. काही बुंध्यांना फुटवे आले होते, काही जागी मुळासकट उपटल्याचे खड्डे होते. पान चुरगळलं की येणारा उग्र दर्प सोडला तर या झाडात डोळ्यात भरण्यासारखं काही नाही. लहानखुरं झाड, फळं पिकली की जांभळट-काळी.

त्याचं दैव फिरलं ते प्रयोगशाळेत. अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळं केलं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच आपल्या नरक्यात सापडलं. 1996 मध्ये त्यावर आधारलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. लाकडात हे द्रव्य एक टक्क्याहूनही कितीतरी कमी असतं, म्हणून थोड्या औषधामागं लाकडाचे ढीग लागतात. चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी या पट्ट्यात 'नरक्याची तस्करी' हे शब्द पेपर वाचणाऱ्या कुणालाच नवे नाहीत.

माझ्या मते नरक्या इतका सहज गेला याचं एक कारण तक्त्यातल्या आठ प्रश्नांत कुठंच बसत नाही. गावात त्याचा उपयोगच नव्हता. आजीच्या बटव्यात तो नाही, देवाच्या कामात नाही, जळणात नाही. हिरडा कधी काढायचा, किती ठेवायचा, कुणाच्या बांधावरचा कुणाचा, याची बोलीभाषेतली का होईना रीत आहे. नरक्याबद्दल अशी रीतच तयार झाली नव्हती, म्हणून बाहेरच्या माणसानं ट्रक लावून भाव सांगितला तेव्हा 'हे बरं नाही' असं म्हणायला गावातल्या कुणाकडंच आधार नव्हता. गावाला ज्याचा उपयोग नाही ते झाड सुरक्षित, अशी एक समजूत तपासणीच्या तक्त्यांत असते, कारण वापरणारे हात कमी मोजले जातात. बाहेरची मागणी एकदा लागली की तेच झाड सगळ्यांत उघड्यावर पडतं. म्हणून गावात त्या झाडाचा उपयोग आणि काढायची रीत आहे का, हा नववा प्रश्न मी आता विचारतो.

तक्ता सुधारला तो दोन ठिकाणी. 'कोणता भाग काढतात' ऐवजी 'तो भाग हाती येण्यासाठी काय तोडावं लागतं' असं विचारलं, आणि त्याचं उत्तर गोळा करणाऱ्या माणसाकडून, रानात, कोयता हातात असताना घेतलं. आणि या प्रश्नात तीन गुण पडले तर पुढची बेरीजच करायची नाही असं ठरलं. चांगल्या सात उत्तरांनी एका जीवघेण्या उत्तराची भरपाई होत नाही. वावडिंगाला तिथंच तीन पडले.

निर्णय असा झाला. शिकेकाई आणि गुळवेल खुली. हिरडा खुला, पण बाळहिरडा काढायच्या झाडांत दर हंगामाला काही झाडं राखून ठेवायची, आणि जिथं रोप दिसेल तिथं काटेरी फांद्यांचं कुंपण ज्याचा बांध त्यानं करायचं. सप्तरंगी आणि नरक्या बंद. वनखात्याच्या हद्दीतलं काहीही काढायचं तर त्यांची परवानगी वेगळी लागतेच, समितीच्या ठरावानं ती मिळत नाही, हे व्यापाऱ्याला लेखी कळवलं. वावडिंगात झुडपाची जात कडेच्या रानातून, वेलाच्या बुडाला कोयता न लावता. दाट झाडीतला वेल नाही.

शेवटच्या अटीवर आक्कांनी लगेच बोट ठेवलं: पोतं काट्यावर आलं की त्यातलं फळ कुठल्या जातीचं आणि कसं काढलेलं, हे कोण ओळखणार? फळावरून ते ओळखणं मलाही दरवेळी जमणार नाही. म्हणून अट फळावर न घालता दिवसावर घातली. समिती सांगेल त्या तारखेआधी काटा लागणार नाही, आणि माल घोसासकट आणायचा, ओरबाडलेला नाही. घोस असला की टोकाचा की बगलेतला हे काट्यावर बसलेल्या पोरालाही दिसतं. आधी तोडून उपयोग नाही म्हटल्यावर कच्चं तोडायची घाईही सुटते. या सगळ्या ठरावात मला सर्वांत जास्त भरवसा याच कलमाचा वाटतो, आणि ते वनस्पतिशास्त्राचं कलम नाही.

एक कागद मात्र समितीनं सही न करता परत पाठवला. जैवविविधता कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभ-वाटणीतून, म्हणजे माल वापरणाऱ्यानं नफ्यातला वाटा द्यायच्या अटीतून, सूट आहे, पण माल लागवडीचाच आहे असा दाखला स्थानिक समितीनं द्यायचा असतो. व्यापाऱ्यानं वावडिंगासह सगळ्या मालासाठी तसा एकच दाखला मागितला होता. गावात वावडिंगाची लागवड एका गुंठ्यातही नाही. रानातला माल कागदावर लागवडीचा करून देणारी सही हीच उद्या सगळ्यांत महाग विकली जाणारी वस्तू ठरेल, असं मी समितीला सांगितलं. अध्यक्षांनी रबरी शिक्का तेव्हापासून कपाटात कुलपात ठेवला आहे.

व्यापाऱ्यानं हिरडा, शिकेकाई आणि गुळवेल घ्यायचं मान्य केलं. तारखेच्या अटीवर त्याचं म्हणणं असं की शेजारच्या गावात काटा आधी लागतो, मग इथले लोक माल तिकडं नेतील. ते खरंच आहे, डोंगराला ग्रामपंचायतीची हद्द कळत नाही. म्हणून धारेवरच्या सगळ्या गावांसाठी एकच तारीख ठरवावी असा प्रस्ताव पंचायत समितीच्या पातळीवरच्या समितीकडं गेला आहे, आणि शेजारच्या गावांनाही पत्रं गेली आहेत. सगळ्यांची उत्तरं अजून यायची आहेत, तोवर आपल्या गावात वावडिंगाचा काटा लागणार नाही असं ठरलं आहे.